मुठीखालचं नाव

“मग तू काय म्हनलास तिला?” भैरू वस्तादांनी विचारलं. हातातल्या लाठीला तेल पाजणं त्यांनी थांबवलं नव्हतं.

जनार्दन पिसे तालमीच्या पायरीवर अवघडून बसला होता. वय पन्नाशीला टेकलेलं. पुण्यात स्वतःचा लाठीचा वर्ग, साठ-सत्तर मुलंमुली, भिंतीवर मानपत्रं. पण भुदरगडाखालच्या या गावात पाय ठेवला की तो पुन्हा शिंप्याचा जन्या व्हायचा.

“म्हणालो, ही विद्या कुणाला मारायला नसते. आणि फॉर्म परत दिला.”

“कसला फॉर्म?”

“प्रवेशाचा, वस्ताद. त्यात विचारलेलं असतं, लाठी का शिकायची आहे? कुणी लिहितं तब्येतीसाठी, कुणी लिहितं संस्कृतीसाठी. या मुलीनं लिहिलं, ‘एका माणसाला मारायचं आहे.’”

“नाव काय पोरीचं?”

“पल्लवी खुडे. कापडदुकानात कामाला आहे. वीसेक वर्षांची असेल.”

“बेस लिवलंय,” वस्ताद म्हणाले आणि त्यांनी लाठी उलटी केली.

जनार्दनचा चेहरा पडला. एवढा एसटीचा प्रवास करून तो आला होता, तो वस्तादांच्या तोंडून ‘बरं केलंस’ एवढं ऐकायला. दुसरं काही ऐकायची त्याने तयारीच केली नव्हती.

“एवढंच हुतं व्हय?” वस्तादांनी विचारलं. “एवढ्यासाठी कोन पुण्यास्नं येत न्हाई.”

…

“जाताना तिनं मला विचारलं. ‘सर, तुम्ही कशासाठी गेला होतात शिकायला?’”

“मग?”

“म्हणालो, कलेसाठी.”

वस्ताद हसले. तोंडात दात उरले नव्हते, त्यामुळे हसू चांगलं ऐसपैस दिसलं.

“हसू नका, वस्ताद. बारा दिवस झाले, जीव थाऱ्यावर नाही. मुलांसमोर उभा राहतो आणि पवित्रा सांगायचा तर शब्द फुटत नाही. फॉर्म तिनं नेलाच नाही, टेबलावर ठेवून गेली.” त्याने खिशातून चार घड्या केलेला कागद काढला आणि तसाच हातात धरला. “मी चुकलो का, तेवढं सांगा.”

 वस्तादांनी लाठीचं टोक वर आढ्याकडे केलं.

“तुझी काढ.”

आढ्याला लाठ्यांची मोळी बांधलेली होती. पोराची पहिली लाठी त्याच्या कानापर्यंत येईल एवढी कापायची, पोर वाढलं की नवी द्यायची आणि जुनी वर बांधून टाकायची, अशी या तालमीची रीत. पावसाळ्यात चुलीला सरपण नसलं तरी वस्तादांनी त्या मोळीला कधी हात लावू दिला नव्हता.

जनार्दन स्टुलावर चढला. वर धूळ होती, जाळी होती आणि तेलाचा तोच जुना वास होता. त्या वासाने त्याला एकदम सगळं आठवलं. थंडीत काकडलेली बोटं, सकाळी सहाला फिरणाऱ्या वीस लाठ्यांचा घुमारा, आणि वस्तादांची हाक, “जन्याऽ, मनगट! मनगट कुटं इकलंस?” आपण किती सुखात होतो, असं त्याला वाटलं.

आपली लाठी त्याला लगेच सापडली. टोकाला खाकी कापडाची पट्टी शिवलेली होती. अशी नेटकी शिवण गावात एकाच माणसाची होती, त्याच्या बापाची.

तो खाली उतरला. लाठी जेमतेम त्याच्या छातीपर्यंत आली.

“नाव बघ,” वस्ताद म्हणाले.

पहिल्या दिवशी वस्ताद कुणालाच कशासाठी आलास म्हणून विचारत नसत. तोंडाला विचारलं तर तोंड शहाण्यासारखं बोलतं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते नुसता एक चाकू हातात द्यायचे. “काठीवर नाव कोर. जितं मूठ येती तितं. बारीक अक्षरात.”

“कुणाचं?” अकरा वर्षांच्या जन्याने विचारलं होतं.

“ज्येच्यासाठी आलास, त्येचं.”

कुणी थोरल्या भावाचं कोरायचं, कुणी गणिताच्या गुरुजींचं. शाळेच्या वाटेवर रोज ढुशी देतो म्हणून एकाने गावातल्या बोकडाचं कोरलं होतं. वस्ताद त्यातलं एकही नाव वाचत नसत.

जन्याने कोरलं होतं, ‘रंगराव’.

रंगराव मुकादम. लेंगा आखूड झाला म्हणून त्याने भर बाजारात, दुकानाच्या दारात, जन्याच्या बापाच्या कानाखाली वाजवली होती. बापाच्या गळ्यातला टेप खाली पडला. सगळा बाजार बघत होता. बापाने टेप उचलला, झटकला आणि म्हणाला, “मालक, जरा सरळ हुबं ऱ्हावा.” आणि पुन्हा माप घेतलं.

जन्या मशीनच्या मागे बसून काजं करत होता. त्याला बापाची कीव आली नव्हती. लाज वाटली होती. ती लाज त्याने आजवर कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही.

जनार्दनने लाठी उजेडात धरली. मुठीची जागा पाहिली. लाठी फिरवून पाहिली. मग खिशातून चष्मा काढून पाहिली.

“वस्ताद… इथंच होतं.”

“काय?”

“नाव. खोल कोरलं होतं मी. बोट कापलं होतं माझं तेव्हा.”

“मग बघ की नीट.”

त्याने अंगठ्याने चाचपलं. मुठीची जागा गुळगुळीत होती. सबंध लाठीत तेवढाच भाग मऊ लागत होता.

…

“कुणी घासलं हे?”

वस्ताद त्याच्या हातांकडे बघत राहिले.

जनार्दनही मग आपल्या हातांकडे बघू लागला. आणि त्याला एक दुपार आठवली. तेव्हा तो दहावीत होता. स्टँडवर एका म्हाताऱ्याला एसटीत चढवत नव्हतं, म्हणून त्याने त्याच्या काखेत हात घालून वर चढवलं, पिशवी आत दिली. म्हातारा म्हणाला, “शिंप्याचा न्हवं तू? गुणाचं प्वार हाय.” एसटी वळणावरून दिसेनाशी झाली, आणि मग जन्याच्या ध्यानात आलं की तो रंगराव होता. एवढी वर्षं ज्याला धरून हाणायचं ठरवलं होतं, तोच आज हातात आला होता आणि त्याने त्याला एसटीत चढवून दिलं होतं. त्या दिवशी त्याला स्वतःचा फार राग आला होता. आज राग आला नाही.

“माझ्या वडिलांना हे कधी कळलं नाही,” तो हळूच म्हणाला. “मी लाठी शिकतो म्हटल्यावर ते नुसते बरं म्हणाले.”

“पट्टी कुनी शिवली मग?”

“त्यांनीच. लाठीचं टोक फुटू नये म्हणून.”

“नाव कोरलं पैल्या दिशी. पट्टी शिवली दुसऱ्या दिशी.” वस्तादांनी बोटाने तेल निपटलं. “तुझ्या बापाला वाचता येत हुतं की रं.”

 जनार्दनने खाकी पट्टीवर हात ठेवला. टाका एकही उसवलेला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने पुसलं नाही. वस्तादांपुढे लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

…

“तू पोरास्नी चाकू देतोस का?” वस्तादांनी विचारलं.

“नाही, वस्ताद. पुण्यात ते बरं दिसत नाही. पालक काय म्हणतील? म्हणून तर तो फॉर्म छापला.”

“हं.”

“वस्ताद… तुमच्या लाठीवर कुणाचं नाव होतं?”

म्हाताऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या. खरंच आठवून पाहिलं.

“न्हाई बा ध्यानात. पर लांबलचक हुतं. लई वर्सं लागली.”

बाहेर उन्हं उतरली होती. शेवटची एसटी साडेपाचची. जनार्दन उठला, त्याने तालमीच्या मातीला हात लावून कपाळाला लावला आणि वस्तादांच्या पायांवर डोकं ठेवलं. मग त्याने तो चार घड्यांचा कागद उलगडून दुकानाचा पत्ता पुन्हा एकदा वाचला.

“उद्याच तिच्या दुकानात जातो. माझं खोटं तिला सांगतो. आणि तिच्या मापाची लाठी कापून स्वतः तिच्या हातात देतो.”

वस्तादांनी कनवटीला हात घातला. चाकू तोच होता. पातं झिजून निम्म्यावर आलेलं. त्यांनी तो धोतराच्या सोग्याला पुसला आणि जनार्दनच्या तळहातावर ठेवला.

“लाठी मागनं दे,” ते म्हणाले. “आदी ह्यो दे.”