गंजावरचा रंग

गाड्या किक मारल्याशिवाय जाग्या होत नसत, त्या काळी एका मोटारसायकलच्या सायलेन्सरला गंज चढला. गंजाने पत्रा पोखरण्याआधी उपाय व्हावा, म्हणून काचकागद आणि उष्णतेत टिकणारा काळा रंग त्याच्या मदतीला आले.

काचकागद जेमतेम दोनदा फिरला, तोच सायलेन्सर कळवळला, "अहो, सोलता की काय मला? रंगराव, तुम्ही म्हणे भट्टीची आचही सोसता. मग या खरखरीत म्हाताऱ्याचं इथे काय काम?"

"गंज पुरता घासून काढावाच लागेल," काचकागद म्हणाला. "रंग लोखंडाला धरतो, गंजाला नाही. रंगा, तू तरी सांग याला."

रंगाला ते ठाऊक होते. परंतु इतके कौतुक त्याच्या वाट्याला प्रथमच आले होते. "राहू दे रे," तो म्हणाला, "मी घेतो सांभाळून." काचकागद बाजूला झाला आणि रंग गंजावरच चढला.

काही दिवस सायलेन्सर काळाभोर दिसला. "नवा बसवलास की काय?" असे शेजारच्या गाड्यांनी मोटारसायकलला विचारलेही. पुढे पावसाळा सरला आणि घाटाच्या एका चढावर तापलेल्या पत्र्यावरून रंगाचे पापुद्रे सुटू लागले. खाली गंजाने आपले काम पुरे केले होते. पत्र्याला बोट जाईल एवढे भोक पडले होते.

"तुम्ही तर आच सोसणारे!" सायलेन्सर फटफटत म्हणाला. "आता मी भंगारातच जाणार."

"आच मी सोसली," उरलासुरला रंग म्हणाला. "तुझ्या कौतुकापुढे मात्र टिकलो नाही."