बंद बटनाचा दिवा

उंच कड्याच्या पायथ्याशी कडेखोल नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात रंगनाथ नावाचा एक वायरमन राहत होता. कडा गावाच्या पश्चिमेला होता. इतर गावांत लख्ख ऊन असायचं, तेव्हा दुपारी तीन वाजताच कडेखोलवर कड्याची सावली उतरायची. आधी देऊळ काळवंडायचं, मग घरं, मग ओढा. वर आभाळ निळंच असायचं आणि खाली घरात डोळ्यांत बोट घातलं तरी दिसायचं नाही. म्हणून त्या गावात दिव्याला फार मान होता आणि दिवे बसवणाऱ्या रंगनाथालाही.

रंगनाथ हाताचा चपळ होता. गावातल्या सगळ्या घरांचं फिटिंग त्यानंच केलं होतं. त्याची एकच खोड होती. आपलं काम चुकलं, असं त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नव्हतं. काही बिघडलं की तो म्हणायचा, "व्होल्टेज कमीजास्त होतंय." लोकांना ते पटायचं, कारण व्होल्टेज कुणी पाहिलं नव्हतं.

एका हिवाळ्यात गावातला केरबा वारला. त्याच्या मागं त्याची बायको गोदाबाई एकटी उरली. तेराव्याचे पाहुणे परतले त्याच दिवशी तिच्या घरातला जुना पिवळा बल्ब गेला. तिनं रंगनाथाला बोलावून घेतलं.

"भावजी, लवकर जाणार नाही असा दिवा द्या," ती म्हणाली. "अंधारात एकटीला घर खायला उठतं."

रंगनाथानं तालुक्याहून नवे एलईडी बल्ब आणले होते. कुठल्या कारखान्यात झाले हे खोक्यावर धड लिहिलेलं नव्हतं, पण उजेड चांगला होता. त्यानं एक बसवला आणि हात झटकत सांगितलं, "वहिनी, आता वीस वर्षं याच्याकडं बघायला नको."

तो गेला. गोदाबाईनं जेवण उरकलं आणि दिव्याचं बटन बंद केलं.

दिवा विझला नाही.

म्हणजे उजेड गेला, पण बल्बच्या पोटात काहीतरी राहिलं. राखेखाली निखारा असतो तसं, पण पांढरं. तिनं बटन पुन्हा दाबून पाहिलं. बटन बंदच होतं. ते पुसट पांढरं काही हलत नव्हतं, वाढत नव्हतं, कमी होत नव्हतं. फक्त तिच्याकडं बघत होतं. ती अंथरुणावर बसून राहिली आणि थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "तुम्ही आहात का?"

दुसऱ्या दिवशी तिनं रंगनाथाला पुन्हा बोलावलं. त्यानं स्टुलावर चढून होल्डरला टेस्टर लावला. बटन बंद असतानाही टेस्टरमधला लाल ठिपका पेटला, म्हणजे होल्डरमध्ये वीज होती.

दिव्याला दोन तारा लागतात. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते. बटन नेहमी येणाऱ्या तारेवर बसवायचं असतं, म्हणजे ते बंद केलं की वीज दिव्यापर्यंत पोचतच नाही. आठ वर्षांपूर्वी गावात लाईन आली, तेव्हा जत्रेच्या आधी काम उरकायच्या घाईत रंगनाथानं ते परतीच्या तारेवर बसवलं होतं. दिवा बंद दिसायचा, पण वीज येऊन होल्डरमध्ये दबा धरून बसलेली असायची. जुन्या पिवळ्या बल्बानं हे कधी कळू दिलं नाही. या नव्या बल्बाला मात्र तेवायला विजेची पुसटशी गळतीही पुरत होती.

त्याला हे सगळं एका क्षणात समजलं. खालून गोदाबाईनं विचारलं, "भावजी, हे आहेत ना?"

खरं सांगणं हे दहा शब्दांचं काम होतं. पण ते शब्द त्याच्या तोंडाला माहीत नव्हते. शिवाय ती ज्या आशेनं वर बघत होती, ती आशा मोडायचं त्याच्या जिवावर आलं. आपण तिच्यावर दयाच करतोय, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

"असतील, वहिनी," तो म्हणाला. "मात्र त्याला हात लावू नका."

तिनं मान हलवली. देवाच्या मूर्तीला ओवळ्यानं शिवत नाहीत, तसं तिला ते वाटलं.

गोष्ट गावभर झाली. ज्याच्या घरात कुणी गेलं होतं, त्या प्रत्येकाला रंगनाथाकडचा दिवा हवा झाला. रंगनाथ नाही म्हणेना. नाही म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. तो एकेका घरात बल्ब बसवत गेला. काही घरांत बटन बंद केल्यावर तो पुसट उजेड राहायचा, काही घरांत राहायचा नाही. जिथं राहायचा, तिथं लोक खाली फुलं ठेवू लागले आणि उदबत्ती लावू लागले. जिथं राहायचा नाही, तिथलं दुःख वेगळंच होतं. लेक गमावलेला शिदूअण्णा नावाचा म्हातारा एक दिवस रंगनाथाच्या दारात येऊन उभा राहिला. दबक्या आवाजात म्हणाला, "रंगनाथ, आमचा दिवा मिट्ट काळा होतोय. पोर का येत नाही रे आमची? आमचं काही चुकलं का?"

शिदूअण्णाच्या घराचं फिटिंग बरोबर झालेलं होतं. रंगनाथ त्याला एवढंच म्हणाला, "येईल, अण्णा." म्हातारा डोळे पुसत गेला.

त्या दिवसापासून रंगनाथाला सावली उतरायची वेळ नकोशी झाली. तीनच्या सुमारास देऊळ काळवंडायचं आणि घराघरांतून ते पांढरे ठिपके दिसू लागायचे. ओढ्याच्या कडेनं उभं राहिलं तर उघड्या दारांतून सगळे मोजता यायचे. एकोणीस होते. लोकांना त्यांत आपापली गेलेली माणसं दिसायची. रंगनाथाला दिसायचं, की त्या घाईच्या आठवड्यात कुठल्या कुठल्या घरात आपला हात फिरला होता. गाव शांत असायचं. कुत्रीही भुंकायची नाहीत. एकोणीस ठिकाणांहून त्याची चूक त्याच्याकडं डोळा लावून बसलेली असायची, आणि तो मान खाली घालून भराभर घरी यायचा.

घरी त्याची बायको अनुसया होती. तिनंही हट्टानं तो बल्ब माजघरात लावून घेतला. रंगनाथानं आपल्या घराचं फिटिंग त्याच घाईच्या आठवड्यात केलं होतं. पहिल्याच दिवशी तिनं बटन बंद केलं आणि दोघंही वर बघत राहिली. तो पुसट पांढरा उजेड तिथंही होता.

अनुसया म्हणाली, "आपल्या घरातलं तर कुणी गेलेलं नाही."

"नाही."

"मग हा कुणाची वाट बघतोय?"

रंगनाथाला सगळं माहीत होतं. तारा माहीत होत्या, गळती माहीत होती. तरीही त्या क्षणी त्याला वाटलं, की तो दिवा खरंच वाट बघतोय. त्यानं मेन स्विच पाडला. ठिपका गेला, पण त्याला झोप लागली नाही.

सकाळी तो पक्कं ठरवून निघाला. आज गोदावहिनींपासून सुरुवात करायची, सगळ्यांना खरं सांगायचं आणि एकोणीस घरांच्या तारा बदलायच्या. त्यानं पिशवीत पक्कड आणि टेस्टर घेतला. देवळापाशी सरपंच नामदेवराव दहा-बारा माणसांसोबत ऊन खात बसले होते. त्यांनी त्याला हाक मारून शेजारी बसवलं.

"रंगनाथ, तुझ्या हाताला गुण आहे बाबा," सरपंच म्हणाले. "यंदा जत्रेला तुझा सत्कार करायचा ठरलाय. गेलेल्यांशी गाठ घालून देणारा माणूस आम्ही दुसरा पाहिला नाही."

सगळे कौतुकानं बघत होते. कुणीतरी चहा पुढं केला. रंगनाथाच्या जिभेवर आलेलं वाक्य चहाच्या घोटासोबत खाली गेलं. 'एवढ्या माणसांत कसं बोलायचं? उद्या सांगू,' तो मनाशी म्हणाला आणि पिशवी घेऊन आला तसा परत गेला.

त्याच दुपारी ओढ्यावरून धुकं वर आलं आणि सावली उतरायच्या आधीच गाव अंधारलं. रंगनाथ अंगणात बसला होता. शेजारची बाई कुंपणापलीकडून अनुसयेला सांगत होती, "ऐकलं का, गोदाबाईचा दिवा गेला. जेमतेम तीन महिने झाले. सकाळपासून लावला तर लागत नाही, बंद केला तर तो उजेडही नाही. बिचारी सकाळपासून रडकुंडीला आली आहे. म्हणते, मीच कुठं कमी पडले. न्हाऊन येते आणि स्वतःच्या हातानं त्याला पुसते, म्हणाली."

रंगनाथ ताडकन उठला. तो अनवाणीच धावत सुटला. धुक्यात दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. वाटेतल्या घरांची दारं उघडी होती आणि एकामागून एक ते पांढरे ठिपके त्याच्या बाजूनं मागं जात होते. त्यांच्याकडं न बघता तो पळत होता. त्यानं दोनदा हाक मारली, "वहिनी, हात लावू नका." धुक्यानं आवाज गिळून टाकला.

गोदाबाईच्या दारात तो पोचला, तेव्हा घरातून धप्प असा आवाज आला.

लोखंडी खुर्ची आडवी झाली होती. गोदाबाई शेणानं सारवलेल्या जमिनीवर पडली होती. काढलेला बल्ब एका बाजूला घरंगळला होता आणि ओला फडका होल्डरमधून लोंबत होता. त्यातून बारीक धूर येत होता. बटन बंद होतं. तिनं आठवणीनं बंद केलं होतं.

रंगनाथानं आधी मेन स्विच पाडला, मग तिला उचलून टेकवून बसवलं. उजव्या हाताची तीन बोटं काळी पडली होती. श्वास चालू होता. शेजारपाजारचे धावत आले. कुणीतरी तोंडावर पाणी मारलं. तिनं डोळे उघडले आणि रंगनाथाला पाहून ती हसली. त्या हसण्यानं तो मुळापासून हादरला.

"भावजी," ती म्हणाली, "त्यांनी माझा हात धरला. सोडत नव्हते."

दारात माणसं गोळा झाली होती. एका बाईनं हात जोडले. सरपंच नामदेवराव पुढं आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "पुण्यवान बाई." रंगनाथानं त्या जोडलेल्या हातांकडं पाहिलं. आता गप्प बसलं तर उद्या ही सगळी माणसं आपल्या घरात खुर्ची लावून चढतील, हे त्याला दिसलं.

"वहिनी, ते नव्हते," तो म्हणाला. "ती वीज होती. तुमच्या घरात मी बटन चुकीच्या तारेवर बसवलंय. बंद केलं तरी वीज येऊन थांबते, म्हणून तो दिवा तसा दिसायचा. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

गोदाबाईचं हसू हळूहळू पुसलं गेलं.

"दुसऱ्याच दिवशी?"

"हो."

"मी तीन महिने त्यांच्याशी बोलत होते. सकाळचा चहासुद्धा दाखवत होते."

"हो, वहिनी."

"म्हणजे मी तुमच्या चुकीशी बोलत होते," गोदाबाई म्हणाली आणि तिनं त्याच्याकडून तोंड फिरवलं.

तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण एक बोट कायमचं गेलं. रंगनाथानं दुसऱ्या दिवशी देवळापाशी उभं राहून सगळ्या गावाला सगळं सांगितलं. वीस वर्षांची हमी आपण बल्ब न पारखता दिली होती, हेही सांगितलं. लोकांनी त्याला मारलं नाही. शिव्याही थोड्याच दिल्या. पण एकोणीस घरांतल्या माणसांना आपलं माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं, आणि ते त्यांच्या तोंडावर त्याला वाचावं लागलं. शिदूअण्णा एकटाच त्याच्याजवळ आला. "म्हणजे आमची पोर आमच्यावर रागावलेली नव्हती," तो म्हणाला, आणि काठी टेकत निघून गेला.

रंगनाथानं एकेका घराच्या तारा बदलल्या. काम करताना घरमालक त्याच्या मागं उभा राहून प्रत्येक तार पाहत होता. पूर्वी असं कुणी उभं राहत नसे. त्यानं कुणाला हटकलं नाही.

गोदाबाई दवाखान्यातून परत आल्यावर तिचं घर त्यानं शेवटी केलं. ती हाताला फडकं बांधून भिंतीला टेकून बसली होती. त्यानं नवा बल्ब लावला आणि किती टिकेल ते सांगितलं नाही. तिनंच विचारलं.

"ते मला माहीत नाही, वहिनी," रंगनाथ म्हणाला. "गेला तर मला बोलवा. मी येईन."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "बंद करा बघू."

त्यानं बटन दाबलं. दिवा विझला, पुरता विझला. घरात मिट्ट अंधार झाला आणि त्या अंधारात गोदाबाई केरबा गेल्यापासून पहिल्यांदा ओक्साबोक्शी रडली. रंगनाथ दाराशी उभा राहिला. ती रडून मोकळी होईपर्यंत तो हलला नाही.

तात्पर्य: आपली चूक लपवायला दुसऱ्याला दिलेला दिलासा ही दया नसते, ज्याला दिला त्याचाच हात त्यात भाजतो. चूक कळेल त्याच दिवशी ती बोलून टाकावी.