वेशीच्या पोटातल्या हाका

एका राज्यात, जिथे नद्या दुपारी वामकुक्षी घेत आणि पक्ष्यांना माणसांची भाषा येई, तिथे एक नामांकित बाजार होता. त्या बाजाराला दगडी वेस होती आणि त्या वेशीला शाप होता. बाई आत गेली की तिचा आवाज जाई, बाहेर आली की परत येई. त्या राज्यातल्या बायका कापड रंगवत, औषधं कुटत, होड्यासुद्धा बांधत. पण भाव करायला तोंडच नाही म्हटल्यावर माल विकायला घरातला पुरुष जाई, आणि नावही त्याचंच होई. शाप दिला होता मांत्रिक करालकंठाने. एका आरसेवालीने त्याला भर बाजारात घासाघिशीत हरवलं, एवढंच निमित्त. मोठमोठे मांत्रिक फार लवकर रुसतात.

त्याच राज्यात गोजरा नावाची मुलगी होती. तिचा बाप घंटा ओतणारा. ती तान्ही असतानाच आई, येसू, वारली. तेव्हापासून ती भट्टीपाशीच वाढली. मेणाचा साचा करणं, त्यावर माती चढवणं, कांसं वितळवणं, सारं तिला येई. प्रश्न विचारण्याची मात्र तिला भारी खोड. बापाच्या जुन्या घंटा मधासारख्या गोड वाजतात आणि नंतरच्या तशा का वाजत नाहीत, हे तिने त्याला कितीदा विचारलं. तो मान फिरवून भाता ओढत राही.

मग बापही गेला. राज्याचा नियम असा, की पाडव्याला भट्टीवाल्याने बाजारातल्या चौथऱ्यावर उभं राहून आपलं नाव खड्या आवाजात पुकारायचं. जिच्या मालकाचं नाव पुकारलं गेलं नाही, ती भट्टी पाणी ओतून कायमची विझवायची. गोजरा राजा मकरंदसेनाकडे गेली.

"महाराज, माझी भट्टी वाचवा."

"मुली, नियम माझ्या पणजोबांचा आहे. तू पुकार, भट्टी तुझी."

राजा वाईट नव्हता. नियमाबाहेर पाऊल टाकायची त्याला सवय नव्हती, इतकंच.

गोजरा वेशीपाशी आली. मुलींना लहानपणापासून शिकवलेल्या रीतीप्रमाणे तिने उंबऱ्याला हात लावला आणि विचारलं, "येऊ का?" वेस जड आवाजात म्हणाली, "ये." चार पावलांवर तिने तोंड उघडलं, तर काही नाही. आवाज घोटभर पाण्यासारखा खाली उतरून गेला होता. ती मागे फिरून बाहेर आली आणि वेशीवर राहणाऱ्या म्हाताऱ्या साळुंकीला म्हणाली, "शाप लागतो कसा?"

साळुंकीने मान वाकडी केली. शाप उठेल कधी, हे आजवर पुष्कळांनी विचारलं होतं. लागतो कसा, हे कुणीच नाही.

"सांगायची मला बंदी आहे. तीन गोष्टी पाहून ये. आत गेलेली शेळी, आत गेलेलं तान्हं आणि ही दगडी बाई."

गोजराने शेजारची शेळी आत हाकलली. शेळी मादी होती, तरी सगळ्या बाजारभर बें बें करत फिरली. तिथेच एक बाई तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन आली होती. लेक टाहो फोडत होती आणि आईला मात्र साधं उगी उगी म्हणता येत नव्हतं. ती नुसती थोपटत होती.  गोजराचं डोकं चालू झालं: शाप बाईपणाला लागत नाही, मग कशाला लागतो?

राहिली दगडी बाई. वेशीला पाठ लावून उभ्या असलेल्या त्या मूर्तीला सगळे आगाऊ बाई म्हणत. ती न विचारता आत गेली म्हणून दगड झाली, असं मुलींना दुधाबरोबर पाजलं जाई. गोजराने भिंतीच्या फटीतून हात घालून तिची पाठ चाचपली. पाठ नव्हतीच, नुसता ओबडधोबड धोंडा, त्यावर छिन्नीचे घाव. मागे कोण बघायला जातंय, म्हणून घडवणाऱ्याने आळस केला होता. म्हणजे न विचारता गेलेली बाई दगड झालीच नव्हती, आणि शेळीने, तान्ह्याने तर वेशीला विचारलंच नव्हतं.

पाडवा आला. भट्टीपाशी शिपाई घागरी घेऊन उभे राहिले. गोजरा वेशीपाशी आली. दगडी बाई खोटी असली, तरी शाप खराच होता. तिने उंबऱ्याला हात लावला नाही. पाऊल उचललं आणि आत टाकलं.

"विचारलं नाहीस," वेस म्हणाली.

गोजरा चालत राहिली.

"बाळ, रीत असते. एकदा विचार, मी काही नाही म्हणणार आहे का?"

हा आवाज आजीसारखा मऊ होता. शब्द तिच्या ओठांवर आले. तिने ते दातांखाली दाबले, चौथऱ्यावर चढली आणि तोंड उघडलं.

"मी गोजरा. मी घंटा ओतते. ती भट्टी माझी आहे."

सगळा बाजार वळून बघू लागला. करालकंठाने वेशीखाली पुरलेला रांजण फुटला आणि त्यात साठलेल्या, आजवर न मारलेल्या हाका पाखरांसारख्या उसळून वर आल्या. रंग पक्का आहे, धुऊन बघा. काढा कडू आहे, पण उतार पडेल. होडी बुडाली तर दुसरी फुकट. सगळ्यांत शेवटी एक तरुण, अनोळखी आवाज आला.

"घंटा घ्या हो घंटा. नाव नवऱ्याचं असलं तरी ओतलीय माझ्या हातांनी. मी येसू."

बापाने ज्याचं उत्तर कधी दिलं नाही तो प्रश्न असा सुटला. गोजरा चौथऱ्यावर बसली आणि सगळ्यांदेखत रडली.

राजाने शिपायांना घागरी परत न्यायला सांगितलं. बायकांनी दुकानं मांडली आणि आपापली नावं पुकारली. पुढे करालकंठ आरसा घ्यायला आला, तेव्हा त्या आरसेवालीच्या पणतीने त्याला पुन्हा हरवलं. या खेपेला तो मुकाट्याने आरसा घेऊन गेला. आणि वेशीला गोजराने एक घंटा टांगली, काठावर आईचं नाव कोरून. आता आत शिरताना कुणीही विचारत नाही. घंटा वाजवतात आणि जातात. ती मधासारखी गोड वाजते.