शेपटीचा मान

त्या मुलखात प्रत्येकाला शेवटी उभं राहायचं होतं.

आधी असं नव्हतं. आधी तिथले प्राणी इतर कुठल्याही मुलखातल्यासारखेच होते. पाणवठ्यावर पहिले घुसायचे, सावलीतली जागा बळकावायचे आणि वर म्हणायचे, मी तर कालपासून इथंच बसलोय. मग टेकडीच्या कुशीतल्या घरातून निरोप आला. घर दगडी, ऐसपैस, त्याला बाहेरच्या बाजूला उघडणारं एकच लाकडी दार. ना कडी, ना कुलूप. दारातून सदा उकडलेल्या हुलग्यांचा आणि गुळाचा वास यायचा. त्या घराच्या यजमानानं कोंबड्याकरवी कळवलं, “या. पानं मांडलीत, सगळ्यांना पुरून उरेल एवढं आहे. ढकलाढकली करू नका. माझ्या घरी मागे राहिलेल्याला आधी वाढतात.”

झालं! निरोपातलं ‘या’ वाऱ्यावर गेलं, आणि शेवटचं वाक्य मात्र सगळ्यांनी पक्कं धरून ठेवलं.

दारापुढं रांग लागली खरी, पण तिच्या तोंडाशी उभं राहायला कुणी तयार होईना. जो पहिला असे त्याला लाज वाटे. इकडं तिकडं बघून तो हळूच निघे आणि वळसा घालून शेवटी येऊन उभा राही. मग त्याच्या मागचा पहिला होई. त्यालाही लाज वाटे, तोही निघे. रांग पुढून उसवायची आणि मागून वाढायची. त्यामुळं ती सगळी तोंडं दाराकडं ठेवून दारापासून लांब लांब जाऊ लागली. आता बोला!

या रांगेत शांतवन नावाचा मेंढा होता. चांगला मेंढा, उगाच नावं कशाला ठेवा? कुणाच्या गवताला कधी तोंड लावलं नाही, कुणाला शिंग मारलं नाही. आपल्या बायकोवर त्याचा फार जीव. ती सलोमी, काळ्या तोंडाची मेंढी, बोलायला रोखठोक. घरी जेवण तयार झालं की ती हाक मारायची नाही. गोठ्याच्या फळीला आतून कपाळानं दोन हलक्या ढुशा द्यायची, आणि शांतवन असेल तिथून धावत यायचा.

अगदी सुरुवातीला, रांग अजून दाराशीच होती तेव्हा, एके सकाळी हे जोडपं पुढं पुढं सरकत थेट उंबऱ्यापाशी आलं. पुढचे सगळे लाजून मागे गेले होते, यांचा काही दोष नव्हता.

सलोमीनं आत डोकावून पाहिलं. “अहो, दार उघडंच आहे की. चला.”

“शू! हळू बोल,” शांतवन खाली मान घालून म्हणाला. “लोक हावरट म्हणतील.”

“म्हणू देत. बोलावलंय म्हणून आलोय ना आपण?”

“अगं, बोलावलं म्हणून लगेच जायचं असतं का? काही रीतभात आहे की नाही? आपण मागे जाऊ. मागच्याला आधी वाढतात.”

“आत गेल्यावर वाढतात हो! बाहेर कोण वाढतंय?”

त्यावर शांतवननं चेहरा फार गंभीर केला. सलोमीनं त्याच्याकडं पाहिलं, मग आतल्या वासाकडं पाहिलं. तिला भूक लागली होती, आणि भूक लागली हे कबूल करायला ती कधी लाजली नव्हती. “मी तुमच्यासाठी शेजारचं पान धरून ठेवते,” ती म्हणाली. “फार वेळ लावू नका. तुमच्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही.” आणि ती गेली.

रांगेत हळहळ झाली. बिचारी, पहिली गेली, कसं होणार तिचं? शांतवनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्याहून मोठी होती तिची आठवण. त्या दिवसापासून त्याला एकच ध्यास लागला, सलोमीच्या शेजारच्या पानावर बसायचं. आणि त्याच्या समजुतीप्रमाणं तिथं जायची वाट एकच होती, सगळ्यांच्या मागून जाणारी. तो मागे जाऊ लागला. मन लावून, जीव तोडून मागे जाऊ लागला.

शेवटी राहणं ही तोवर मोठी विद्या झाली होती. पायात काटा नसताना काटा काढायला थांबायचं. पुढच्याला “तुमचं काही पडलं वाटतं” म्हणून मागे शोधायला जायचं. बगळ्यानं तर लंगडायचा वर्गच काढला, एका पायावर उभं राहायची त्याला जन्मजात सवय. दाराकडं मान वर करून बघणं म्हणजे हावरेपणा, असं ठरल्यामुळं सगळ्यांच्या नजरा आपापल्या खुरांवर. रोज संध्याकाळी घरातून हाक यायची, “या, पानं वाढलीत!” ती ऐकली की अख्खी रांग एका सुरात ओरडायची, “आम्ही कसचे! आम्ही कसचे!” इतक्या जोरात की पुढची हाक ऐकूच येऊ नये. मग सगळे एकमेकांकडं चोरून बघत, की आपल्याहून मोठ्यानं कोण ओरडलं.

जो खरोखर शेवटचा असे त्याला शेपटीचा मान मिळे. त्याच्याकडं पाहून सगळे माना हलवत, आणि रात्रभर त्याच्या मागे जायचा बेत करत.

या सगळ्यात एकाची फार पंचाईत झाली. तो म्हणजे शामुवेलकाका, कासव. त्यांना काही करावंच लागत नव्हतं. ते चालत होते जसे अंड्यातून बाहेर आले तसे, आणि आपोआप शेवटी राहत होते. हे कुणाला बघवेना.

“मुद्दाम हळू चालतात हो,” करुणाबाई म्हणाल्या. या करुणाबाई म्हणजे एक पांढरं बदक. नम्रतेत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्या स्वतःच सांगायच्या. “एवढा गर्व बरा नव्हे. त्यांना जरा धडा शिकवायला हवा, त्यांच्याच भल्यासाठी.”

मग चौघांनी मिळून शामुवेलकाकांना उचललं आणि पार दाराशी नेऊन ठेवलं, नाक उंबऱ्यावर टेकेल असं. “अरे, कुठं नेताय मला?” काका विचारत राहिले. आता कासवाला मागे वळायचं म्हणजे अर्धा दिवस. समोर वास सुटलेला. काकांनी थोडा विचार केला, म्हणाले, “बरं, तर मग,” आणि सरळ आत चालते झाले.

उचलणाऱ्यांत शांतवनही होता. परत येताना त्याला वाटलं, काकांबरोबर सलोमीला दोन शब्द सांगायला हवे होते. येतोय म्हणावं, विसरलो नाही म्हणावं. त्याचे डोळे भरून आले. पण तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं की काका गेल्यावर शेपटीची जागा रिकामी झाली आहे, आणि करुणाबाई तिकडंच तुरुतुरु निघाल्या आहेत. तो धावला.

त्यानंतर त्या दोघांत जी जुंपली ती काही विचारू नका. वरून सगळं साखरेत घोळलेलं.

“शांतवनभाऊ, तुम्ही वडीलधारे, तुम्ही पुढं व्हा.”

“छे छे, करुणाबाई, मी कोण? आपण पुढं.”

“मी तर पायाची धूळ.”

“मी त्या धुळीच्या खालचा.”

असं म्हणत ती एक पाऊल मागे टाकी, की हा दोन टाकी. उलटं चालत, एकमेकांच्या पायांवर डोळे रोखून, दोघं मागे मागे जात राहिली, आणि रीतीप्रमाणं रांग त्यांच्याबरोबर ओढली गेली. माळ मागे पडला, ओढा मागे पडला. शांतवनच्या लोकरीला काटे चिकटले, शिंगांवर धूळ बसली. कधी कधी त्याला इतका थकवा येई की मटकन खाली बसावंसं वाटे. मग तो मनाशी म्हणे, सलोमी घास न घेता बसली असेल. ऊठ, शांतवन. अजून मागे जायचंय. आणि तो उठे.

आता, दारासमोरून निघालेली ती पायवाट टेकडीला पुरा वळसा घालते आणि पुन्हा त्याच दाराशी येते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण खुरांकडं बघत उलटं चालणाऱ्याला पायवाट दिसते, टेकडी दिसत नाही.

एका दुपारी शांतवनच्या मनात एक विचार आला, आणि आपण इतके दिवस कसे झोपलो होतो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. आपल्या मागे कुणी येतं, कारण आपल्या मागे जागा असते. पाठ कशाला तरी टेकली, तर मागे येणार कोण? तो झाडं हुडकू लागला. पण झाडाच्या मागेही जागा असते, आणि करुणाबाई अंगानं लहान. बाभळीच्या पलीकडून त्यांची चोच दिसली तेव्हा त्याला रडू कोसळायचं बाकी होतं.

असाच तो मागे जात असताना त्याच्या दोन्ही अंगांना दगड लागला. डावीकडं दगडी भिंत, उजवीकडं दगडी भिंत, मधे त्याच्यापुरतीच जागा. हवेत कसला तरी गोड वास होता आणि आतून ऊब येत होती. वास ओळखीचा वाटला, म्हणून त्यानं मान अधिकच खाली घातली. हावरेपणा नको! अजून एक पाऊल मागे टाकलं तशी पाठीला लाकडाची फळी लागली. फळी अर्धवट उघडी होती. त्यानं भार दिला तशी ती निमूट मागे सरकली आणि चौकटीत चपखल बसली.

शांतवन थांबला. शेपूट हलवून पाहिलं, हलेना. मागे तसूभरही जागा नव्हती. करुणाबाईंनी डावीकडून चोच घालून पाहिली, उजवीकडून पाहिली आणि पंख आपटून रडायलाच बसल्या. रांगेतले सगळे वळून त्याच्या खुरांकडं पाहू लागले. याच्या मागे आता कुणालाच जाता येणार नव्हतं. शांतवन शेवटचा झाला होता, कायमचा. त्याचा ऊर भरून आला. आता कुठल्याही क्षणी यजमान येईल आणि मला हाताला धरून सलोमीच्या शेजारी नेऊन बसवेल, तो म्हणाला.

संध्याकाळ झाली. रांग नेहमीप्रमाणं “आम्ही कसचे” म्हणायला तोंड उघडून वाट बघत राहिली, पण आज हाक काही ऐकू आली नाही.

तेवढ्यात शांतवनच्या पाठीला काहीतरी जाणवलं. फळीच्या पलीकडून, कुणीतरी कपाळानं दिल्यासारख्या, दोन हलक्या ढुशा.

त्याचे पाय आपसूक धावायला निघाले. मग तो भानावर आला. मागे कुणीतरी होतं! एवढं करूनही कुणीतरी मागे घुसू बघत होतं!

पुन्हा दोन ढुशा आल्या, या वेळी जरा जोरानं.

शांतवननं चारही खुरं जमिनीत रोवली आणि होतं नव्हतं तेवढं बळ पाठीत आणून फळीला रेटा दिला. असले एकेक हावरट भेटले वाटेत, भेटलो की सगळं सांगेन सलोमीला, असं तो मनाशी म्हणाला, आणि अजून जोरानं रेटू लागला.