क्रौंच लिहायचा कसा?

तळ्याकाठच्या एका लहानशा राज्यात त्र्यंबक नावाचा तरुण लेखनिक दरबारात नव्याने लागला होता. अक्षर सुरेख, हात चपळ. याला सगळे येते, असे लोक म्हणत. तो लौकिक जपण्यात त्याचा जीव सतत टांगलेला असे.

त्या हिवाळ्यात तळ्यावर क्रौंच पक्षी उतरले. शेतकरी त्यांना गोफणीने हाकलू लागले. मानाजीराजाने त्र्यंबकला सांगितले, "हुकूम लिही. क्रौंच पक्ष्यांना कोणी हाकलायचे नाही. हाकलेल त्याला शिक्षा होईल."

त्र्यंबक लिहायला बसला आणि अडला. रफार वर द्यायचा की खाली? एक मात्रा की दोन? त्याने 'कौर्च' लिहिले, खोडले. 'क्रोंच्य' लिहिले, तेही खोडले. समोरच्या ओसरीवर शास्त्रीबुवा पान लावत बसले होते. त्र्यंबक उठला, दारापर्यंत गेला, परत येऊन बसला. एवढेही येत नाही, असे ते म्हणाले तर? बाहेर धाकलू दवंडीवाला ताटकळला होता. शेवटी त्र्यंबकने मनाची समजूत घातली, पक्षी तो पक्षी. आणि लिहून टाकले, 'कावळा'.

धाकलूने हुकूम गावोगाव वाचला. कावळ्यांना कोणी हाकलेना. वाळत घातलेले पापड गेले, सांडगे गेले. लोक दारे लावून जेवू लागले. तिकडे तळ्यावर गोफणी चालूच होत्या. त्र्यंबकला घास गोड लागेना. कुठेही 'काव' ऐकू आले की तो दचके.

एके सकाळी भागूबाई नावाची बाई दरबारात आली. "महाराज, कावळ्यानं लेकराच्या हातातली भाकर नेली. मी नुसती बघत राहिले. हुकूमच तसा तुमचा."

राजा चकित झाला. त्याने धाकलूला विचारले, "मी क्रौंच म्हटले होते. तू काय वाचलेस?"

"कागदावर होतं तेच वाचलं, महाराज. कावळा."

कागद तर गावे फिरून केव्हाच फाटून गेला होता. राजा म्हणाला, "हा खोटे बोलतो. याचा ढोल काढून घ्या."

धाकलूने त्र्यंबककडे पाहिले. त्र्यंबक गप्प राहिला असता, तर कोणाला काही कळले नसते. पण ती नजर त्याला सोसवेना. तो पुढे आला.

"महाराज, त्याने बरोबर वाचले. मला क्रौंच लिहिता येईना आणि विचारायची लाज वाटली."

राजाने स्वतः बोरू घेतला, 'क' काढला आणि थांबला. बराच वेळ त्या एका अक्षराकडे बघत राहिला. मग बोरू खाली ठेवून म्हणाला, "शास्त्रीबुवांना बोलवा. आपण दोघे विचारू."

संध्याकाळी नवा हुकूम निघाला. पण तोवर बहुतेक क्रौंच उडून गेले होते. पलीकडच्या काठावर एक जोडी तेवढी उरली होती.

तात्पर्य: येत नाही ते विचारायला लाजू नये. आपण झाकलेल्या अज्ञानाची शिक्षा भलत्यालाच भोगावी लागते.