पाटलाची गूळतुला

एका गावात एक पाटील होता, आणि त्या गावाला पाटलाला खाऊ घालायची फार हौस होती. हौस हा शब्द मी मुलं ऐकताहेत म्हणून वापरतोय. मोठ्यांनी आपापल्या मनात दुसरा घालावा.

गावाच्या चहूकडे ऊस होता. थंडी पडली की गुऱ्हाळं पेटायची, कढईत रस रटरटायचा आणि शिवारभर गुळाचा वास पसरायचा. हंगाम संपला की देवळापुढे मोठा तराजू टांगायचे. एका पारड्यात पाटलाने बसायचं, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा रचायच्या, आणि पाटलाच्या भाराइतका गूळ घरोघर प्रसाद म्हणून वाटायचा. ही गावची गूळतुला. गूळ गावानेच आणायचा आणि गावानेच परत न्यायचा, म्हणजे फायदा कुणाचाच नाही. पण शेजारच्या गावच्या पाटलापेक्षा आपला पाटील जास्त भरतो, याचा गावाला भारी तोरा होता.

मग वर्षभर पाटलाला चारायचं. बारसं झालं, पाटलाकडे पेढे. म्हैस व्याली, पाटलाकडे खरवस. नव्या गुळाचा पहिला खडा तर पाटलाच्या तोंडात पडल्याशिवाय कुणी गूळ घरात नेत नसे. पाटील मनाचा मऊ. त्याला कुणाला नाही म्हणणं जमतच नसे. लोक याला दिलदारपणा म्हणत. त्याची बायको ठकूबाई याला भित्रेपणा म्हणे, आणि मला तिचंच पटतं.

एका वर्षी पाटलाला विलक्षण तहान लागायला लागली. तांब्यामागून तांब्या पाणी पिई, तरी जीभ कोरडी ती कोरडीच. जिथे लघवीला जाई तिथे मुंग्यांची रांग लागे. खाणं वाढलेलं, आणि अंग मात्र झडत चाललेलं. त्या वर्षी तुलेत पाटील हलका भरला.

शहाण्या माणसांनी विचारलं असतं, पाटील, बरं नाही का? हे लोक म्हणाले, "पाटील वाळलं की! खायला घाला त्यास्नी!" आणि गाव नेटाने कामाला लागलं. ज्या गोडाने माणूस झिजत होता, तेच गोड वजन भरावं म्हणून त्याला दुप्पट चारू लागलं. अक्कल गहाण टाकली की असंच होतं.

पुढल्या थंडीत गुऱ्हाळं पेटली, तेव्हा ठकूबाईने वैद्यबुवांना बोलावलं. वैद्यबुवा म्हातारे आणि तोंडाचे तिखट. त्यांनी नाडी पाहिली, मुंग्या पाहिल्या, आणि म्हणाले, "पाटील, तुमच्या रक्तात गोड मावेनासं झालंय. आजपासून गोड बंद."

ओसरीवर सगळं गाव जमलं होतं. गुऱ्हाळावर गूळ शिजवणारा गुळव्या सर्वांत पुढे होता. त्याने छातीवर हात ठेवून शपथ घेतली, "पाटलांच्या घरात साखरंचा एक दाणा जाणार न्हाई!" मागून सगळ्यांनी होकार भरला. साखर गावात कुणी करतच नव्हतं, ती यायची शहरच्या बाजारातून. जे आपल्याकडे नाहीच, ते सोडायला काय जातंय?

दुसऱ्याच दिवशी गुळव्या केळीच्या पानावर गरम गूळ घेऊन हजर. "पाटील, खावा बिनघोर. ह्यो गूळ हाय, साखर न्हवं. रानातला माल."

त्याच्या पाठोपाठ शेजारी मधाची वाटी घेऊन आला. "मध तर औषधात घालत्यात. त्यानं कुनाचं वाईट झालंय?"

कुणी उसाचा रस आणला. "रस म्हंजी निस्तं पानी की वो." कुणी खजूर आणला. "उपासाला चालतोय, म्हंजी तुमास्नी बी चालंल."

पाटलाला हायसं वाटलं. वैद्याची आज्ञा मोडली नाही आणि जीभही सुखावली. तो दोन्ही हातांनी खात सुटला.

ठकूबाई म्हणाली, "धनी, बुवा गोड म्हनालं हुतं. निस्ती साखर न्हवं."

"अगं, मानसं मायेनं आनत्यात. त्यांचं मन कसं मोडू?"

"आनि माझं?"

पाटलाने आणखी एक खजूर तोंडात टाकला.

मग एक दिवस पाटील गुऱ्हाळावर गेला. चुलीबाहेर निखारा पडला होता, त्यावर त्याचा अनवाणी पाय पडला. पाटील ओरडला नाही, दचकलाही नाही. तसाच चालत घरी आला, जेवायला बसला. ठकूबाई ताट वाढताना थबकली. तिला करपल्याचा वास आला. तिने वाकून पाहिलं, तर तळपायाची कातडी जळून सुटलेली.

"धनी, पाय भाजलाय तुमचा!"

"कुठं?" पाटलाने विचारलं. त्याने पाय उचलून पाहिला आणि पहिल्यांदाच तो घाबरला. दुखत नव्हतं, म्हणून घाबरला.

वैद्यबुवा आले. जखम पाहून त्यांनी विचारलं, "काय काय खाल्लंत?"

"साखर म्हनाल तर एक दाना न्हाई, बुवा."

"काय खाल्लं नाही ते नाही विचारलं. काय खाल्लंत?"

पाटलाने सांगितलं. ऐकता ऐकता वैद्यबुवांच्या कपाळाची शीर ताठ झाली. शेवटी त्यांनी औषधाचा बटवा जमिनीवर आपटला. गाव नेहमीप्रमाणे ओसरीवर होतंच.

"ऊस पिळला की रस. रस आटवला की काकवी. काकवी आणखी आटवली की गूळ. मळी काढून दाणे पाडले की साखर. सगळी एकाच घरची भावंडं! एकाला दारातून हाकललंत आणि बाकीच्यांना पाटावर बसवून जेवू घातलंत!"

गुळव्या कुरकुरला, "पर बुवा, गुळात ताकद असती."

"असेल चिमूटभर. त्या चिमटीसाठी यांनी ढेप गिळायची? ताकद हवी तर पालेभाजी खायला घाला की!"

"आनि मध?" शेजाऱ्याने विचारलं.

"माशीने केला का माणसाने, रक्ताला काय त्याचं? त्याला एवढंच कळतं, गोड आलं. खजुरात तर ते ठासून भरलेलं. पेरू असेल तर एखादी फोड चावून खावी, त्यात चोथा असतो, गोड दमानं उतरतं. चोथा फेकून नुसता रस ढोसलात की पूर आला." मग ते पाटलाकडे वळले. "या गोडानेच तुमचा पाय बधिर झालाय. जखम भरायची असेल तर यातलं काहीही नको. भाकरीसुद्धा बेताने. ऐकलं नाहीत तर पाय जाईल, आणि पायामागून माणूस."

पाटलाने ठकूबाईच्या डोक्यावर हात ठेवून वचन दिलं. आणि खरंच पाळलं. भाकरी बेताची, भाजी पोटभर, गोडाला शिवणं नाही. हळूहळू तहान कमी झाली. जखमेच्या कडा लाल दिसू लागल्या. ठकूबाई रोज पाय धुवायची, पुसायची आणि निरखून बघायची. आता भरेल, असं तिला वाटायला लागलं होतं.

एवढ्यात तुलेचा दिवस आला.

पाटील पारड्यात बसला. ढेपा रचल्या गेल्या. गुळव्याने नव्या गुळाचा खडा पुढे केला. "पाटील, पयला खडा."

पाटलाने ठकूबाईकडे पाहिलं. "नको," तो म्हणाला. पण इतक्या हळू म्हणाला की त्याचं त्यालाच ते खरं वाटलं नसावं.

"आवो, रीत हाय गावची!"

"देवाफुडं नको म्हनू नगा, पाटील."

"येका खड्यानं काय हुतंय?"

एका खड्याने काय होतंय! या एका वाक्याने जेवढी माणसं मारली असतील तेवढी तलवारीने नसतील मारली. ठकूबाईने पुढे होऊन गुळव्याचा हात धरला, तर चार बायकांनी तिलाच मागे ओढलं आणि वर म्हणाल्या, "वैनी, असं चारचौघांत बरं दिसतंय का?"

पाटलाने खडा खाल्ला.

मग दुसरा म्हणाला, "त्याचा घेतलासा, आमचा न्हाई व्हय?" तिसऱ्याचं मन का मोडायचं? चौथ्याने काय घोडं मारलं? ऊन उतरेपर्यंत गावातल्या प्रत्येक घरचा खडा पाटलाच्या पोटात गेला. आणि एकदा मोडलेलं वचन पुन्हा जुळलं नाही. उन्हाळाभर खडे येत राहिले, मध येत राहिला, रस येत राहिला, आणि पाटील खात राहिला. जखम काळी पडली. शेवटी शहरातून शस्त्रवैद्य आणावा लागला आणि पाटलाचा पाय घोट्याच्या वर कापावा लागला.

कापताना पाटील ओरडला तो आवाज गावाने ऐकला. पुढचे काही दिवस सगळे हळहळले. मग ऊस तोडायला आला आणि हळहळ विसरून गेले.

पुढल्या वर्षी गाव पुन्हा पाटलाच्या दारात उभं. पाटील ओसरीवर लाकडाचा पाय लावून बसला होता. गुळव्याने त्याला निरखून पाहिलं आणि म्हणाला, "औंदा वजन कमी भरंल. पर लाकडाचा पाय बी धरू की तुलंत. तेवढीच ढेप वाढंल."

ठकूबाई आतून बाहेर आली. तिच्या हातात पीठ चाळायची चाळण होती, ती तिने अंगणात भिरकावली.

"लाकडाचा पाय धरताय व्हय रं? खरा हुता तवा कुठं गेलता? तुमच्या गावाचा तोरा ऱ्हावा म्हनून माझा धनी पांगळा केलासा! येकट्यानं केला असता तर त्याला पाप लागलं असतं. तुमी समद्यांनी येकेक खडा दिलासा, म्हनून कुनालाच लाज न्हाई!"

कुणीतरी पुटपुटलं, "आमी मायेनंच दिलं, वैनी."

"माया? माया असती तर रिकाम्या हातानं आला असतासा. बसला असतासा घटकाभर त्यांच्यापाशी. जखम धुतली असती येकांदा डाव. येकजन तरी आलासा का? निघा माझ्या दारातनं!"

गाव निघालं. जाताना गुळव्या म्हणाला, "बाई लई फाटक्या तोंडाची." दोघांतिघांनी मान डोलावली. माणसं अशीच असतात, काय करणार?

त्या वर्षी तुला झाली नाही. पण गाव परतलं त्याच संध्याकाळी शेजारी हळूच परसदारी आला. पदराखाली लपवावी तशी त्याने उपरण्याखाली वाटी धरली होती. ठकूबाई विहिरीवर गेल्याचं त्याने आधी पाहून घेतलं होतं.

"पाटील," तो कुजबुजला, "गूळ न्हाई, मध हाय. रानातला. वैनींना कळायचं न्हाई. वाईच घ्या, माझं मन मोडू नगा."

पाटलाने वाटीकडे पाहिलं. मग स्वतःच्या पायाकडे, म्हणजे जिथे तो नव्हता तिकडे पाहिलं. आणि मग असा मोठ्याने ओरडला की विहिरीवर ठकूबाईच्या हातातला दोर थांबला.

"न्हाई म्हंजी न्हाई! मोडलं तुझं मन तर मोडू दे! घेऊन जा ती वाटी!"

शेजारी पुढे कितीतरी दिवस पाटलाशी बोलला नाही. पाटील मात्र पुष्कळ वर्षं जगला.

तात्पर्य: नाव बदललं म्हणून गोड बदलत नाही, आणि रक्ताला फसवता येत नाही. आपल्याला सोसत नाही ते जो आग्रहाने भरवतो, त्याला तोंडावर 'नाही' म्हणावं. त्यासाठी पाय जाईपर्यंत थांबू नये.