डब्याच्या पत्र्याची पट्टी

"सही करताय न्हवं, उस्ताद?"

श्रीपालनं हे तिसऱ्यांदा विचारलं. बाबालाल उस्ताद चष्मा पुसत बसले होते. त्यांच्या डोळ्यांत पडदा आलेला, काच पुसून काय उजेड पडणार होता...

मी शेजारच्या लेथवरून बघत होतो. मिरजेतल्या उस्तादांच्या शेडमध्ये माझी बावीस वर्षं गेली, पण श्रीपालइतका गुणी आणि तेवढाच घमेंडी शागीर्द दुसरा आला नाही. आता त्याचं स्वतःचं वर्कशॉप होतं. टेकडीवरच्या क्लबाचा गवत कापायचा जुना ट्रॅक्टर चौदा वर्षं तोच बघत होता.

त्या ट्रॅक्टरला गियर नाहीत. पायाखालचं पेडल एक दांडा हलवतं आणि तो दांडा तेलाच्या पंपाला सांगतो, पुढे जा, मागे ये, थांब. दांड्याच्या टोकाचं भोक झिजलं की 'थांब' नीट पोचत नाही. मग इंजिन सुरू ठेवून उभा केलेला ट्रॅक्टर हळूहळू सरकत राहतो.

गेल्या आठवड्यात तसाच सरकला. बिरू माळी पुढ्यात वाकून वाटेतला दगड उचलत होता. त्याच्या उजव्या पायाची चार बोटं गेली.

क्लबवाले म्हणाले, बिरूनं ट्रॅक्टर न्यूट्रलला, म्हणजे 'थांब'वर, आणलाच नव्हता. चूक त्याची ठरली की नोकरी जाणार, आणि बायकोपोरींसकट राहतो ती क्लबाची खोलीही जाणार.

श्रीपालनं कागद लिहून आणला होता. दांडा ठीक होता, दोष चालवणाऱ्याचा, असं त्यात होतं. खाली त्याची सही होती. क्लबाला उस्तादांचीही हवी होती, कारण त्या माणसाचा शब्द तिथे अजून चालायचा.

"दांडा आणलास?"

उस्तादांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, म्हणून त्यानं आणला होता. उस्तादांनी डोळे मिटून भोकात करंगळी फिरवली. मग स्क्रू ड्रायव्हरनं आतून काहीतरी उचकटून काढलं.

पत्र्याची पट्टी होती. ऑइलच्या डब्याची कापलेली, झिजून कागदासारखी झालेली.

मी ती लगेच ओळखली. चौदा वर्षांपूर्वी, ट्रॅक्टर श्रीपालकडे जायच्या जरा आधी, क्लबात कसलासा समारंभ होता, आणि उस्तादांनी ती झिजलेल्या भोकात एका दिवसापुरती ठोकून बसवली होती. भोकात बसवायचं नवं बुश, म्हणजे धातूची कडी, लेथवर करायला मला अर्धा तास लागला असता. त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माझी तरी जीभ काय झडली होती?

"ही तुला कधी दिसली न्हाई?"

"दर खेपेला दिसायची की."

"मग...?"

श्रीपालनं मान खाली घातली. ट्रॅक्टर सरकतोय म्हणून बिरू चारदा येऊन गेला होता, हे त्यानंच सांगितलं. दर वेळी श्रीपाल न्यूट्रलचा नट थोडा फिरवायचा, तेवढ्यावर महिना-दोन महिने भागायचं.

"तुमच्या हातचं काम हुतं, उस्ताद. त्याला मी हात कसा लावू?"

मला त्याचा संताप आला. असल्या भक्तीपेक्षा पोरानं गुरूला चार शिव्या हासडलेल्या बऱ्या.

मग तो आवाज उतरवून समजावू लागला. पट्टीचं बाहेर फुटलं तर त्याचं वर्कशॉप बसेल आणि उस्तादांचं नावही जाईल. आज सही करावी, बिरूचं नंतर काहीतरी बघता येईल.

उस्तादांनी कागद ओढून घेतला. पेनाला हात लावला नाही. सहीच्या जागेवर ती पट्टी ठेवली, कागदाची घडी घातली आणि आपल्या खिशात टाकली.

टोपी घालून मला म्हणाले, "क्लबापातूर सोड."

मी लेथ बंद केला.

"उस्ताद, समदं संपंल..." श्रीपालचा आवाज फाटला.

उस्ताद दारात थांबले. मागे वळले नाहीत.

"डोळं गेलं तवा तुला तिथं का धाडला हुता, लेका? वाटलं, तू ती काढशील."